स्थिर आकारमान वायू तापमापी: दाबावरून तापमान कसे काढावे

बंद फुग्यातला वायू तापवला आणि त्याला पसरू दिले नाही, तर त्याचा दाब वाढतो. ही वाढ तापमानाच्या अगदी सरळ प्रमाणात होते. फ्रान्समधल्या गियोम आमोंताँ यांनी 1700च्या सुमारास हवेवर प्रयोग करून हे ओळखले होते. पाऱ्याच्या साध्या तापमापीत पारा आणि काच दोन्ही आपापल्या परीने प्रसरण पावतात, त्यामुळे मोजणीत त्या पदार्थांचे स्वभाव मिसळतात. विरळ वायूत ही अडचण जवळजवळ उरत नाही. म्हणूनच हे अवजड उपकरण समजून घेण्याजोगे आहे.

उपकरणात काचेचा एक फुगा असतो आणि त्यात कोरडी हवा, हायड्रोजन किंवा हेलियम भरलेला असतो. बारीक केशनलिकेने हा फुगा पाऱ्याच्या दाबमापीला जोडतात. दाबमापीची दुसरी, उघडी नळी लवचीक रबरी नळीमुळे वर-खाली सरकवता येते. फुग्याच्या बाजूच्या नळीवर एक खूण असते. सगळा खेळ या खुणेचा आहे. पारा तिथे टेकला, तर वायूचे आकारमान पहिल्याइतकेच आहे असे समजायचे.

पहिले काम वायुभारमापकावर त्या वेळचा हवेचा दाब वाचण्याचे. समजा, तो 76.0 सेंमी पारा आहे, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलण्याइतका. प्रयोग लांबला तर शेवटी तो पुन्हा वाचा, कारण दरम्यान हवेचा दाब बदलतो.

आता फुगा वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात पूर्ण बुडवा. वायू आकसतो आणि पारा खुणेच्या वर चढतो. उघडी नळी हळूहळू खाली घेऊन पारा खुणेवर आणा. घाई करू नका. काही मिनिटे थांबून पाहा. पारा पुन्हा हलला तर वायू अजून गार होतो आहे. पारा स्थिरावला की दोन्ही नळ्यांतल्या पातळ्यांमधला फरक वाचा. पाऱ्याचा पृष्ठभाग फुगीर असतो, म्हणून डोळा त्याच्या माथ्याच्या समपातळीत ठेवा. उघड्या नळीतला पारा खुणेपेक्षा 4.0 सेंमी खाली असेल, तर वायूचा दाब 76.0 − 4.0 = 72.0 सेंमी. तो वर असता, तर फरक मिळवला असता. बहुतेक चुका इथेच होतात: नुसता फरक म्हणजे दाब नव्हे, त्यात हवेचा दाब धरावाच लागतो.

मग फुगा उकळत्या पाण्याच्या वाफेत ठेवा. या वेळी वायू पाऱ्याला खाली ढकलतो, म्हणून उघडी नळी वर न्यावी लागते. समजा, फरक 22.4 सेंमी आला. दाब झाला 98.4 सेंमी. वाफेचे तापमान 100 अंश सेल्सिअस धरता येते, कारण हवेचा दाब 76 सेंमी आहे. दाब कमी असेल तर पाणी त्याआधीच उकळते आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते.

फुगा वाफेतून काढण्यापूर्वी उघडी नळी खाली करायला विसरू नका. नाहीतर थंड होणारा वायू पारा केशनलिकेतून थेट फुग्यात ओढून घेतो. पारा विषारी आहे, त्यामुळे खाली मोठा ट्रे ठेवून, हवेशीर जागेत आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच हे काम करा.

शंभर अंशांत दाब 26.4 सेंमी वाढला, म्हणजे अंशामागे 0.264 सेंमी. आता फुगा कोमट पाण्यात ठेवला आणि दाब 82.6 सेंमी आला, तर बर्फातल्या दाबापेक्षा तो 10.6 सेंमी जास्त आहे. 10.6 भागिले 0.264, म्हणजे पाण्याचे तापमान सुमारे 40.2 अंश.

या आकड्यांचा आलेख काढा: आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. रेषा डावीकडे वाढवत नेली, तर दाब शून्य कुठे होतो? 72.0 भागिले 0.264, म्हणजे उणे 272.7 अंशांजवळ. प्रत्यक्ष मूल्य उणे 273.15 आहे. मला या प्रयोगातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. बर्फ आणि वाफ एवढ्याच भांडवलावर निरपेक्ष शून्याचा, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकाचा, पत्ता लागतो! खरा वायू तिथवर पोचण्याआधीच द्रव होतो, हेलियमसुद्धा 4.2 केल्विनजवळ (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले सेल्सिअसएवढेच अंश); म्हणून रेषा पुढे कागदावरच वाढवायची.

शून्य तिथे मानले की दाब आणि केल्विनमधले तापमान यांचे गुणोत्तर कायम राहते, आणि मापनाला एकच संदर्भबिंदू पुरतो. 1954 मध्ये पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र टिकतात ते तापमान, 273.16 केल्विन ठरवला गेला. 2019 पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमान स्थिरांकावरून, म्हणजे तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक आकड्यावरून, होते. तरी त्रिक बिंदूवरून तापमान काढण्याची ही रीत आजही चालते: अज्ञात तापमानातला दाब भागिले त्रिक बिंदूवरचा दाब, गुणिले 273.16.

अचूकता हवी असेल तर दोन गोष्टी सांभाळा. केशनलिकेतला वायू फुग्याइतका तापत नाही, म्हणून ती शक्य तितकी बारीक असावी. फुग्याची काचही थोडी प्रसरण पावते. शिवाय वेगवेगळे वायू किंचित वेगळी उत्तरे देतात. त्यावर उपाय म्हणजे फुग्यातला वायू थोडा-थोडा कमी करून तेच तापमान पुन्हा मोजणे. वायू जसजसा विरळ होतो, तसतशी सर्व वायूंची उत्तरे एकमेकांजवळ येतात, आणि दाब शून्याकडे नेल्यावर आलेखावर जे उत्तर मिळते तेच खरे तापमान म्हणून घेतात.