मुंबईहून मनालीला कॅम्परव्हॅनने निघताय? या चुका टाळा

आमची पहिली चूक मुलुंडला, आमच्याच सोसायटीच्या गेटवर उघडी पडली. भाड्याने घेतलेली कॅम्परव्हॅन, म्हणजे आत बिछाने, शेगडी, संडास असलेली गाडी, आत येईना. टपावरच्या एसीसकट तिची उंची जवळपास दहा फूट आणि गेटची कमान त्याहून ठेंगणी. मग गाद्या, डबे, आईची औषधांची पेटी असं सगळं बिऱ्हाड वॉचमनच्या हातगाडीवरून रस्त्यापर्यंत गेलं. पुढच्या सतरा दिवसांत जे जे बिघडलं, त्यातलं बहुतेक याच जातीचं होतं. चूक मुंबईत झालेली, कळली मात्र पुढे कुठेतरी.

उंचीचंच आधी सांगतो. गाडी ताब्यात घेतानाच टेप लावून मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. भाड्याने देणारा सांगतो ती उंची अनेकदा एसी आणि सोलर पॅनेल सोडून असते. गूगल मॅप्सला तुमची गाडी अल्टो आहे की कॅम्पर, याचं काही पडलेलं नसतं. ते खुशाल रेल्वेपुलाखालच्या बोळात नेऊन घालतं. उत्तर भारतातल्या जुन्या शहरांत लोंबणाऱ्या वायरी हा आणखी वेगळा ताप. गावात शिरूच नका, बायपासला गाडी लावून रिक्षाने जा.

अंतराचा हिशेब कारच्या वेगाने करणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. मुंबई ते मनाली जवळपास दोन हजार किलोमीटर. "पहिल्या दिवशी उदयपूर" असं मी कागदावर छान लिहिलं होतं. म्हणजे साधारण साडेसातशे किलोमीटर. सकाळी सातला निघालो, घोडबंदर रोडवरच दीड तास गेला, मनोरला नाश्ता, मग आईचे पाय अवघडले म्हणून थांबणं, मुलाला उलटी. रात्री मुक्काम भरूचला.

कॅम्परचा वेग कारचा नसतो. भाड्याच्या अनेक व्हॅनना वेग ताशी 80 वर अडवणारा स्पीड गव्हर्नर असतो. थांबे धरून सरासरी पन्नास पडली तरी खूप म्हणायचं. कुटुंबासोबत दिवसाला 300 ते 350 किलोमीटर हा माणसासारखा हिशेब. या हिशेबाने जायला सहा दिवस, यायला सहा. सतरातले बारा दिवस रस्त्यातच! म्हणून मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, तीन आठवडे नसतील तर रेल्वेने चंदीगडला जा आणि व्हॅन तिथून घ्या. ऐकून लोक हिरमुसतात, कारण "घरापासून घरापर्यंत" ही कल्पनाच गोड आहे. निघायचंच असेल तर पहाटे चारला निघा आणि अंधार पडायच्या आत गाडी लावा.

गाडी चालू असताना बिछान्यावर कुणीही झोपायचं नाही. मुलं हट्ट करतात, आपणही विरघळतो. मागच्या सीटलाही पट्टा बंधनकारक आहे, आणि जोराचा ब्रेक लागला तर बंकवरचं मूल थेट समोर फेकलं जातं.

"आत एसी आहे ना, मग रात्री लावू"

मे महिन्यात राजस्थान ओलांडणाऱ्या माणसाचं हे वाक्य. माझंच. आता हिशेब बघा. आमच्या गाडीत 12 व्होल्टच्या, 150 अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. म्हणजे 3600 वॉट-अवर. या बॅटऱ्या निम्म्याहून खाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणजे वापरायला 1800. एक टनाचा एसी 1200 वॉटच्या आसपास ओढतो. दीड तासात खेळ खलास. इंडक्शनची शेगडी त्याहून वाईट. टपावरचं 200 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात 800 वॉट-अवरच्या आसपास देतं, त्यातून छोटा फ्रिज, दिवे आणि मोबाइल चालतात. बस्स.

म्हणजे एसीच्या रात्री जिथे प्लग मिळतो तिथेच मुक्काम. हॉटेलच्या आवारात गाडी लावून फक्त वीज आणि बाथरूम मागितलं तर बरेच मालक वाजवी पैशांत हो म्हणतात. त्यासाठी स्वतःची एक्स्टेन्शन हवी: तीन पिनांची, 16 अँपिअरची, 2.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरची. वापरताना वेटोळं पूर्ण सोडायचं. गुंडाळलेली वायर लोड आला की तापते, आमच्या वायरचं प्लास्टिक अजमेरजवळ मऊ पडलं होतं. आणि प्लग लावल्यावर गाडीच्या पत्र्याला हात लावून मुंग्या आल्या, तर आधी प्लग काढा. तिथलं अर्थिंग धड नाही, दुसरा सॉकेट शोधा.

रात्री सगळंच अचानक बंद पडलं तर घाबरू नका. आधी एमसीबी बघा, मग इन्व्हर्टरचा लाल दिवा. बॅटरी उतरल्यामुळे इन्व्हर्टर स्वतःहून बंद झाला असेल, तर सगळे स्विच बंद करून इंजिन चालवा. बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या अल्टरनेटरवरून आतल्या दिवे-पंख्यांची बॅटरीही चार्ज होते. पाण्याचा पंप घरघरतोय पण नळाला पाणी नाही? टाकी रिकामी असेल, नाहीतर पंपाआधीच्या जाळीत कचरा अडकला असेल. दोन्ही तपासून झाल्यावरच मेकॅनिकला फोन.

टाकी काठोकाठ भरून निघणं

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. सहा माणसं, सामान, त्यात गाडीच्या शेपटाकडे ठेवलेल्या तांदूळ-डाळीच्या पिशव्या. गुजरातच्या हायवेवर पाण्याची काही टंचाई नाही, मग ते मुंबईहून वाहून का न्यायचं? निम्मी टाकी पुरते, मुक्कामाच्या थोडं आधी भरा.

वजनाचा थेट संबंध टायरशी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कॅम्पर महिनोन्महिने उभ्या असतात, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबराला मात्र चिरा पडलेल्या असतात. हे आकडे गाडी घेतानाच वाचा, स्टेपनीचेही.

हिमाचलातल्या मंडीच्या पुढे वजनाचा दुसरा हिशेब सुरू होतो. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, जळका वास येतो, पेडल खोल जायला लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे बोरघाटात शिकलेलं इथेही लागू. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. तापलेल्या ब्रेकवर पाणी मारू नका, डिस्क वाकते.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही

संडास. जाहिरातीत "अटॅच्ड टॉयलेट" असतं, ते रिकामं कुठे करायचं हे नसतं. आपल्याकडे हायवेवर त्यासाठी ठरलेल्या जागा जवळपास नाहीत. वीसेक लिटरची कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, सहा माणसांत दोन दिवसांत भरते. आमच्या घरात नियम झाला: दिवसा पेट्रोल पंप किंवा ढाबा, गाडीतला संडास फक्त रात्री आणि फक्त आईसाठी. पंपवाल्याला विचारून, त्यांच्या संडासात कॅसेट ओतून, वर दोन बादल्या पाणी टाकून जागा स्वच्छ करून द्यायची. शेतात किंवा नाल्यात ओतू नका. उन्हात वास सुटला तर परफ्यूमचा उपयोग नाही, कॅसेटमध्ये थोडं पाणी आणि तिचं रसायन हवं.

स्वयंपाकाचं थोडक्यात. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत टाकू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. आणि मनालीच्या थंडीत खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याला वास नसतो. त्यापेक्षा जाड रजया न्या.

कागद, टोल आणि काकांची बाटली

ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे आपल्याला टोलचा विसरच पडलाय. पुढे तो भरावा लागतोच, आणि अशा मोठ्या व्हॅनला अनेकदा कारपेक्षा जास्त दराने. वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे, भाड्याच्या व्यावसायिक गाडीला चालत नाही. परमिट, विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या तारखा स्वतः वाचा. हायवेवर अडलात तर 1033 ला फोन.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि "आपण फक्त पुढे चाललोय" ही सबब चालत नाही. आमच्या काकांनी सामानात सरकवलेली बाटली तलासरीच्या अलीकडे सापडली. काका भरूचपर्यंत बोलले नाहीत.

शेवटची एक गोष्ट, डिझेलच्या बीएस-6 गाड्यांतला युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करणारं डीईएफ हे द्रव. त्याचा दिवा लागला की दुर्लक्ष करू नका, संपला तर गाडीची ताकद जाते आणि काही गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. तो वेगळ्या टाकीत जातो. घाईत डिझेलच्या टाकीत ओतला, तर किल्लीही फिरवू नका, टो करून न्या. उणे 11 अंशांना तो गोठतो, पण मे महिन्यात मनालीपर्यंत जाणाऱ्याला ती काळजी नाही.

गाडी परत करताना दिवसाउजेडी चारही बाजूंचा आणि टपाचा व्हिडिओ काढा. आम्ही टपाचा काढला नव्हता. सोलर पॅनेलवरचा ओरखडा आमच्या खात्यावर लागला, आणि तो आमच्याच सोसायटीच्या कमानीचा नव्हता हे आम्हाला दाखवता आलं नाही.