नाव टाकलं तरी वेबसाइट सापडत नाही? लोकांनाच विचारून ती कशी वर आणायची

होमस्टेची, आंबा बागायतदाराची नाहीतर देवस्थानाची वेबसाइट असते, चांगली असते, पण लोक नाव टाकतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. कोकणात हे जास्तच होतं कारण आपल्या गावांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची एकच अशी रीत नाही. हर्णै घ्या, शेवटी कोणी 'ए आय' लिहितं, कोणी 'ए वाय', कोणी नुसता 'ई'. देवगडच्या शेवटी कोणी 'डी' लावतं कोणी 'आर एच', मालवणात कोणी 'व्ही' घालतं कोणी 'डब्ल्यू', आणि वेंगुर्ला की वेंगुर्ले हे तर मराठीतही दोन्ही चालतं.

डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाच्या पत्त्यांची, पद्धत १९८३ मध्ये आली तेव्हापासून तिला पत्ता अक्षरन्अक्षर बरोबर लागतो, एक अक्षर चुकलं की दुसऱ्याचीच साइट उघडते किंवा काहीच उघडत नाही. सर्च इंजिन अंदाज बांधतं, पण तो अंदाज लोक काय टाइप करतात आणि नंतर कुठे थांबतात यावर सुधारतो, आणि छोट्या गावाच्या नावाला शोधणारेच कमी, मग सुधारणार कसा? म्हणून ही माहिती आपणच गोळा करायची.

सगळ्यात आधी एक साधा ऑनलाइन फॉर्म बनवा आणि गावाच्या, बचत गटाच्या, होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. प्रश्न तीनच ठेवा: नेमकं काय टाइप केलंत, काय उघडलं, आणि तुम्हाला काय हवं होतं. नाव, फोन नंबर मागू नका, गरज नसते आणि लोक बिचकतात. एक मात्र आवर्जून सांगा की टाइप केलेलं जसंच्या तसं द्या, स्पेलिंग सुधारून देऊ नका, कारण आपल्याला चुकलेलं स्पेलिंगच हवंय. गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांना हमखास विचारा, मुंबईत बसून गावाचं नाव शोधणारे तेच असतात. ज्यांना फॉर्म भरणं जमत नाही त्यांच्या शेजारी बसा, फोन त्यांच्याच हातात राहू द्या, बोटं कुठे जातात ते बघा आणि तुम्ही लिहून घ्या.

फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये जमा होतात तिच्यातली ओळ साधारण अशी दिसेल: टाइप केलं 'हरणे बीच घरगुती जेवण रूम', उघडलं एका एजंटचं बुकिंगचं पान, हवं होतं बंदराजवळच्या होमस्टेचं स्वतःचं पान. नीट बघा, या माणसाने होमस्टेचं नावच टाकलेलं नाही, त्याला नाव आठवतच नव्हतं, त्याला जेवण आठवत होतं! असं काही सापडलं की ते सोनं समजा.

आता मोजणी, आणि इथे घाई करू नका. एकाच माणसाने दहा वेळा भरल्यासारखं दिसलं तर ते एकच धरायचं, नाहीतर ज्याचं दुकान तो ग्रुपभर फॉरवर्ड करून स्वतःलाच वर नेतो. माझा नियम असा की तीन वेगवेगळ्या घरांतून तेच नाव त्याच साइटसाठी आलं तरच पक्कं धरायचं. क्लिक म्हणजे पसंती असंही समजू नका, वरचं पान वर आहे म्हणूनच बरेच जण दाबतात, तिथे थांबले की लगेच मागे आले हे विचारा. एकाच नावाची दोन गावं असतील, जसं शिरगाव रत्नागिरीतही आहे आणि देवगडातही, तर मतं जास्त म्हणून एकाला पुसायचं नाही, दोन्ही ठेवायची आणि तालुका जोडायचा.

पक्की झालेली नावं मग योग्य जागी पोचवायची. आपल्या साइटच्या शीर्षकात गावाचं रूढ नाव आणि तालुका घाला, आणि आत एखाद्या सरळ वाक्यात दुसरी रूपं येऊ द्या, नुसती नावांची रांग लावू नका, सर्च इंजिनला ते फसवणुकीसारखं दिसतं. गूगल मॅप्सवर बदल सुचवायची सोय आहे, तिथे वेबसाइटचा पत्ता तपासा. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला मोफत नकाशा, त्यात जागेला पर्यायी नावं जोडता येतात, ती नक्की जोडा, ते काम सगळ्या गावाच्या उपयोगी पडतं. साइट तुमचीच असेल तर गूगल सर्च कन्सोल सुरू करा, कोणत्या शब्दांवरून लोक आले ते मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं, फक्त फार थोड्यांनी शोधलेले शब्द तिथे लपवलेले असतात, म्हणजे आपला फॉर्म तरीही लागतोच.

याच शीटमध्ये नकली साइट पण सापडतात, सरकारी किंवा रिसॉर्टच्या नावाने आगाऊ पैसे घेणाऱ्या. सरकारी असल्याचं सांगते तर साइटच्या नावाच्या अगदी शेवटी, म्हणजे त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी, 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' आहे का बघा. काही सरकारी महामंडळांचे पत्ते वेगळेही असतात, तेव्हा शंका आली तर त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारा. नकली निघाली तर ग्रुपवर ती लिंक पुन्हा टाकू नका, नुसतं नाव सांगून सावध करा, गूगलकडे फिशिंगची, म्हणजे नकली साइटने फसवण्याची, तक्रार करा, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तिथे जितका उशीर तितकं अवघड.

बदल केल्यावर दोन-चार आठवडे जाऊ द्या, मग परत तपासा, पण स्वतःच्या फोनवर नाही कारण तो तुमच्या सवयी ओळखतो. पुण्यातल्या नाहीतर ठाण्यातल्या कोणाला तरी इनकॉग्निटो (ब्राउझरची खाजगी खिडकी) उघडून तेच चुकलेलं स्पेलिंग टाकायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा. आंब्याच्या सीझनआधी, म्हणजे फेब्रुवारीतच, एकदा पूर्ण शीट चाळा आणि बंद पडलेल्या साइट काढून टाका.