नळी गोठली, पाणी थांबलं

दादरला घामामुळे तहान आपोआप लागते. हिमालयात ५००० मीटरवर ती फारशी जाणवत नाही, पण हवा कोरडी आणि सारखी धाप, त्यामुळे श्वासातूनच बरंच पाणी जातं. त्यात पहाटेच्या चढाईत माझ्या हायड्रेशन बॅगची, म्हणजे सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची, प्यायची नळी गोठली. तोंडाकडचं टोक दगडासारखं कडक.

उपाय फुकटचा निघाला. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकायचं, म्हणजे पाणी परत बॅगेत जातं. नळी जॅकेटच्या आतून घ्यायची. शिवाय कोमट पाण्याची बाटली लोकरी मोज्यात, उलटी. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकणाकडचं मोकळं राहतं. (झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर सॅकमध्ये तळं!)

आता कसारा लोकल पकडून कळसूबाईवर सराव करतो. १६४६ मीटरवर काही गोठत नाही, पण फुंकायची सवय लागते.