मिक्सिंगचा हेडफोन चुगलखोर हवा

गाणी ऐकायच्या बहुतेक हेडफोनमध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो. ऐकायला मजा येते, मिक्स करताना, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकमेकांशी जुळवताना, मात्र तोच घात करतो. डग्गा कानात आधीच घुमत असतो, म्हणून तुम्ही त्याचा बेस कापता. मग तीच फाइल गाडीत लावली की डग्ग्याच्या जागी पत्र्याचा डबा वाजतो. मिक्सिंगला सपाट, म्हणजे काहीच न फुगवणाऱ्या आवाजाचा हेडफोन घ्यावा. गायिकेचा टोचणारा 'स', माइकवर आदळलेला 'प', दोन टेक जोडल्याचा टिचका, सगळ्याची त्याने चुगली करायला हवी. असा हेडफोन पहिल्या दिवशी नीरस वाटतो. तेच चांगलं लक्षण.

दुसरा प्रश्न कपांचा. पाठीला जाळी असलेल्या ओपन-बॅकमध्ये आवाज मोकळा येतो आणि वाद्यांच्या जागा नीट कळतात. पण तो बाहेरही तेवढाच सांडतो, त्यामुळे रेकॉर्डिंगला गायकाच्या कानावर चढवला तर तालासाठी कानात वाजणाऱ्या क्लिकचा ठोका माइकमध्ये शिरणारच. रेकॉर्डिंगला बंद कपांचाच लागतो. पुण्यातल्या गजबजलेल्या कर्वे रस्त्याला लागून घर असेल तर ओपन-बॅकवर रात्री उशिराच काम होईल.

ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विद्युत अवरोध, खोक्यावर पाहून घ्या. सोनी एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा, बंद कपांचा. लॅपटॉपवरही सहज वाजतो. सेनहायझर एचडी ६०० ओपन-बॅक आणि ३०० ओहमचा. तो फोनला लावला तर आवाज दबलेला येईल आणि दोष हेडफोनला जाईल; त्याला दमदार हेडफोन आउट असलेला ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारा डबा) द्या. बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, तेव्हा ऑर्डर देताना आकडा तपासा. ब्लूटूथ फिरताना गाणी ऐकायला उत्तम, पण त्यात आवाज शे-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. त्यावर डबिंग करणं म्हणजे छळच.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीच्या गोंगाटात ओपन-बॅक पारखता येत नाही. शांत खोली असलेलं दुकान शोधा, स्वतःची डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबलेली) फाइल न्या आणि फोनमधला इक्वलायझर बंद करा. तानपुरा लावा: जवारीची झणझण सलग ऐकू यायला हवी, किणकिण नव्हे. मग डग्ग्यावरची मींड. सूर खाली उतरताना तो कळत राहायला हवा, नुसता गदगदाट नको. हेडफोन बदलताना आवाजाची पातळी दरवेळी जुळवा, कारण जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. चष्मा असेल तर घालूनच ऐका. काडीमुळे फट राहिली की बंद कपांचा बेस गळतो.

रेक्झिनचे इअरपॅड घामाने, दमटपणाने सोलतात. ते चेपले की बेस बदलतो, पण आपण मिक्सलाच दोष देत बसतो. म्हणून बदली पॅड मिळतात का, हे पैसे देण्याआधीच विचारा.