शांतिसेनेतून परतलेल्या जवानांच्या वर्दीवरचे पॅच : ओळख, पारख आणि जतन

बुलढाणा, वाशीम, अकोला किंवा वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावात चौकशी केली, तर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलेला माजी सैनिक बहुधा भेटतो. गाव त्याला 'मेजर' म्हणते, मग तो नाईक म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. त्याच्या लोखंडी पेटीत निळ्या बेरे टोपीखाली वर्दीच्या बाहीवरून उतरवलेले चार-पाच कापडी पॅच पडून असतात आणि घरातल्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. हे पॅच ओळखावेत कसे, मिळवावेत कसे आणि टिकवावेत कसे, हे मला गेल्या काही वर्षांत जे उमगले त्याच्या आधारे येथे मांडतो आहे.

आपल्या सैन्याच्या अलीकडच्या परदेशातील बहुतेक दीर्घ तैनाती संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली झाल्या आहेत. काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन, सीरिया आणि इस्राएल यांच्यामधली गोलन टेकडी आणि सुदान व दक्षिण सुदान यांच्या सीमेवरचे अबेई ही त्यांतली मुख्य ठिकाणे होत. त्यामुळे आपल्याकडच्या पेट्यांत सापडणारे पॅच साधारण चार प्रकारचे असतात : संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हाचा गोल पॅच, तिरंगा, नावाची पट्टी आणि त्या त्या तुकडीने आपल्यासाठी करून घेतलेला पॅच. संग्राहकाच्या दृष्टीने चौथा प्रकार सर्वांत मोलाचा आहे. कारण बोधचिन्ह आणि तिरंगा वर्षानुवर्षे तेच राहतात, परंतु तुकडीचा पॅच बहुधा त्या एका खेपेपुरता शिवला जातो आणि ती खेप मायदेशी परतली की पुन्हा कोणी तो शिवून घेत नाही. अशा पॅचवर 'इंडबॅट' अशी अक्षरे दिसली, तर ती भारतीय पायदळ बटालियनची खूण समजावी.

काळ ठरवण्याची सर्वांत सोपी किल्ली मोहिमेच्या नावात असते, म्हणून नावातले प्रत्येक अक्षर वाचावे. काँगोतील मोहीम १९९९ साली 'मोनुक' या नावाने सुरू झाली आणि १ जुलै २०१० पासून तिचे नाव 'मोनुस्को' झाले. त्यामुळे पॅचवर 'मोनुक' असेल, तर तो त्या तारखेच्या आधीचा धरता येतो. सुदानच्या बाबतीत फरक एका अक्षराचा आहे आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. इंग्रजी अक्षरांत शेवटी एकच 'एस' असेल (UNMIS), तर तो २००५ ते २०११ या काळातल्या सुदान मोहिमेचा असतो. दोन 'एस' असतील (UNMISS), तर जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाल्यावर सुरू झालेल्या मोहिमेचा असतो. अबेईची मोहीमही २०११ चीच आहे आणि तिथे भारताने जानेवारी २०२३ मध्ये महिला शांतिसैनिकांची एक संपूर्ण प्लॅटून पाठवली होती. लेबनॉनमधील 'युनिफिल' ही मोहीम मात्र १९७८ पासून त्याच नावाने चालू आहे आणि भारतीय बटालियन तिथे १९९८ पासून आहे. त्यामुळे नावावरून साल कळत नाही आणि माणसालाच विचारावे लागते. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार ही मोहीम ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपायची आहे. लेबनॉनला जाऊन आलेल्या आपल्या जवानांना गाठायचे असेल, तर ते आत्ताच गाठावे.

आता बोधचिन्हाकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांचा नकाशा उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून काढलेला असतो आणि त्यावर पाच समकेंद्री वर्तुळे व भोवती, खाली एकमेकींना छेदणाऱ्या ऑलिव्हच्या दोन फांद्या असतात. त्यात आफ्रिका खालच्या बाजूला, अमेरिका डावीकडे आणि आशिया उजवीकडे येतो. भिंग घेऊन एवढे पडताळून पाहावे. लहान पॅचमध्ये भरतकामाचा दोरा जाड पडल्याने एखादे वर्तुळ पुसट होते, ते क्षम्य आहे. पण अमेरिका उजवीकडे गेली असेल किंवा खंडांचे नुसते गोळे झाले असतील, तर नमुना कुणीतरी चित्र पाहून घाईने काढलेला आहे, असे समजावे.

पारखीचा सर्वांत नाजूक भाग पुढेच आहे. कामठीसारख्या छावणीच्या गावात वर्दीचे सामान विकणारी दुकाने असतात आणि कित्येक जवान नावाची पट्टी वा जादा पॅच अशाच दुकानातून स्वतःच्या पैशाने शिवून घेतात. म्हणून बाजारात शिवलेला पॅच खोटा, हे गृहीत धरू नये. पॅच कुठे शिवला याला फारसे महत्त्व नाही. तो वर्दीवर चढला होता का, एवढेच पाहावे. त्याचा पुरावा मागच्या बाजूला सापडतो. शिवून लावलेल्या पॅचच्या कडेला टाक्यांची बारीक छिद्रे राहतात आणि वर्दी बदलताना पॅच दुसऱ्यांदा शिवला असेल, तर छिद्रांच्या दोन ओळी व त्यांत अडकलेले दोन रंगांचे दोरे दिसतात. वेल्क्रोवर लावलेल्या पॅचच्या मागच्या काट्यांत कापडाची लव, केस, गवताची कुसळे गुंतलेली असतात. कडेचा गोफ मनगटाकडच्या बाजूने जास्त झिजलेला आणि पुढचा रंग उन्हाने विटलेला, पण मागचा ताजा, ही जोडीही विश्वासार्ह आहे. संपूर्ण पॅच पुढूनमागून सारखाच फिकट असेल, तर त्याला मुद्दाम जुनेपण दिल्याची शंका घ्यावी. जंबुपार (यूव्ही) किरणांच्या टॉर्चने दोरा चमकला की पॅच नकली, हा नियम जुन्या महायुद्धकाळातल्या सुती पॅचसाठी ठीक आहे. अलीकडचे अस्सल पॅचही कृत्रिम दोऱ्याचेच असतात, त्यामुळे ती चाचणी येथे उपयोगाची नाही.

पॅच वर्दीसकट मिळाला, तर तो कधीही उसवू नये, कारण कापडही साल सांगते. भारतीय सैन्याची ठिपक्यांच्या डिजिटल नक्षीची नवी लढाऊ वर्दी १५ जानेवारी २०२२ रोजी सैन्यदिनाच्या संचलनात प्रथम दिसली. त्यामुळे २०१५ च्या खेपेचा म्हणून दिलेला पॅच या कापडावर असेल, तर तो निदान या कापडावर नंतर चढवलेला आहे हे उघड आहे. बाहीवरच्या फित्याही मोजाव्यात. एक फीत लान्स नाईकची, दोन नाईकच्या आणि तीन हवालदाराच्या असतात. गावात सर्वांनाच 'मेजर' म्हणत असले, तरी नोंदीत खरा हुद्दाच गेला पाहिजे.

मिळवण्याबाबत माझे मत ठाम आहे. पॅच विकत घेत फिरण्यापेक्षा माणसाकडे जावे, त्याच्या सवडीने बसावे आणि आधी वही उघडावी. पेटी नंतर उघडली तरी चालते. शेताची कामे चालू असताना जाऊ नये; कापूस वेचणी उरकल्यावर माणूस निवांत बोलतो. कोणती पलटण, कोणती खेप, कोणता तळ, पॅच कुठल्या बाहीवर होता, कुणी शिवला, एवढे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि त्याला वाचून दाखवावे. 'काका, हा पॅच मला देता का' असे पहिल्या भेटीत विचारू नये. पुष्कळदा छायाचित्र आणि मोजमाप घेऊन पॅच त्याच्याच घरी राहू देणे योग्य ठरते. पदक तर मागूच नये. मोहिमेत नव्वद दिवस काढल्यावर मिळणारे ते पदक फक्त पाहावे आणि फितीचे रंग टिपून घ्यावेत, कारण ते मोहिमेनुसार वेगळे असतात आणि पॅचची खातरजमा करायला मदत होते.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे आवश्यक वाटते. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांनी मला दक्षिण सुदानमधल्या मलाकालहून आणलेला पॅच दिला. त्याच्या टाक्यांत काळी माती बसली होती. ते म्हणाले होते, "आपल्या वावरासारखीच माती हाय तिथली, पावसात बूट ओढून घेते." घरी आल्यावर मी साबण लावून तो पॅच स्वच्छ धुतला. माती गेली, निळा दोरा पांढऱ्यात उतरला आणि ज्या खुणेवरून कुणालाही मलाकालची आठवण पटवून देता आली असती, ती खूण मी स्वतःच पुसली. तेव्हापासून मी कोणताही पॅच धुतलेला नाही. फार तर कोरड्या मऊ कुंचल्याने वरची सैल धूळ झटकतो आणि टाक्यांतली माती तशीच ठेवतो.

परदेशी तुकड्यांशी अदलाबदल करून आणलेले पॅचही पेट्यांत असतात. काँगोतून आलेल्या पेटीत उरुग्वे, दक्षिण आफ्रिका वा बांगलादेशचा आणि लेबनॉनहून आलेल्या पेटीत इटली, घाना किंवा इंडोनेशियाचा पॅच सापडणे स्वाभाविक आहे. मात्र अफगाणिस्तानातल्या नाटोप्रणीत सेनेचा हिरवा पॅच 'आमच्या जवानाने तिथे लढताना वापरलेला' म्हणून कोणी विकत असेल, तर तो घेऊ नये, कारण भारताने त्या सेनेत तुकडी पाठवलीच नव्हती.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह अंगावर घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संग्रह अल्बममध्ये असावा, जॅकेटवर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हाचा परवानगीशिवाय व्यापारी वापर १९५० च्या बोधचिन्हविषयक कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून त्याचे नवे पॅच छापून विकण्याच्या भानगडीत पडू नये. सेवेत असलेल्या जवानाकडून त्याच्या चालू नेमणुकीचे तपशील विचारू नयेत आणि त्याने आपणहून सांगितले तरी ते लिहू नयेत.

जतनात आपल्याकडे दोन शत्रू आहेत, उन्हाळ्याचे ऊन आणि पावसाळ्याची कोंदट हवा. काचेच्या चौकटीत लावून पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेला निळा पॅच एका उन्हाळ्यात राखाडी होतो. स्वस्त प्लास्टिकची पाकिटेही टाळावीत, कारण उष्णतेने ती चिकट होऊन दोऱ्याला लागतात. मी कोरे मांजरपाट आणून त्यातली खळ दोन-तीनदा धुऊन काढतो, कारण खळीला कसर लागते. मग ते सावलीत वाळवून त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करतो आणि प्रत्येक पॅच वेगळ्या तुकड्यात सपाट ठेवतो. वेल्क्रोचे दोन पॅच समोरासमोर ठेवू नयेत, काटे दुसऱ्याचे भरतकाम उसवतात. डांबरगोळी कापडाला चिकटू देऊ नये. ती पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावी. पेटी जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे वाळवी चढलेली वेळीच दिसते. प्रत्येक तुकड्यासोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण शाई ओलाव्याने पसरते. पेटी मृग लागण्यापूर्वी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा उघडून, पॅच आणि चिठ्ठ्या वहीतल्या नोंदींशी ताडून पुन्हा बंद करावी.