देखरेखीखालील भेटीचा आदेश: मागताना, लिहून घेताना आणि पाळताना

मुलाच्या ताब्याचा अंतरिम आदेश हाती आला की ज्याच्याकडे मूल नाही तो पालक आधी एकच ओळ शोधतो: मूल मला कधी आणि कुठे भेटणार? ती ओळ मोघम असेल, तर पुढचे कित्येक महिने दोन्ही घरांत तिच्यावरूनच वाद होतो आणि त्याची झळ मुलाला बसते. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयात देखरेखीखालील भेटीचा, म्हणजे न्यायालयाचे समुपदेशक किंवा त्रयस्थ व्यक्ती हजर असताना मुलाला भेटण्याचा, आदेश मागणाऱ्या किंवा त्याला संमती देणाऱ्या आई-वडिलांनी कोणती तयारी करावी, ते येथे मांडले आहे. वकिलाचा सल्ला घ्यावाच. तो परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

घटस्फोटाची किंवा अन्य वैवाहिक याचिका चालू असेल, तर हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खाली त्याच प्रकरणात अर्ज देता येतो. तशी याचिका नसल्यास पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो मूल सामान्यतः जिथे राहते तेथील न्यायालयात दाखल होतो. कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे असेल, तर 2005 च्या कायद्याच्या कलम 21 खाली ते तात्पुरता ताबा देऊ शकतात, भेटीची व्यवस्था ठरवू शकतात आणि भेट मुलाला अपायकारक वाटल्यास नाकारूही शकतात. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे हिंदूंपुरते 1956 च्या पालकत्वविषयक कायद्याचे कलम 6 सांगते. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली असे स्पष्ट केले की, इतक्या लहान मुलाचे हित आईकडे नाही हे सिद्ध करण्याचा भार वडिलांवर असतो. या सर्व तरतुदींच्या वर एकच कसोटी आहे, ती मुलाच्या कल्याणाची.

देखरेख मागायची असेल तर तिचे कारण नेमके लिहावे. ‘त्यांचा स्वभाव वाईट आहे’ या वाक्यावर न्यायालयाला काहीच करता येत नाही. मारहाण, व्यसन, मुलाला परगावी किंवा परदेशी घेऊन जाण्याची धमकी, दीर्घ दुराव्यामुळे मूल त्या पालकाला ओळखतही नसणे, यांपैकी जे खरे असेल ते तारीखवार शपथपत्रात मांडावे आणि पोलिसांकडील तक्रार, दवाखान्याची कागदपत्रे किंवा संदेशांच्या प्रती सोबत जोडाव्यात. मूल परदेशी नेले जाण्याची भीती असल्यास त्याचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी. सूड म्हणून खोटा आरोप मात्र कदापि करू नये; तो उघडा पडला की पुढची खरी भीतीही कोणी ऐकत नाही, आणि तोवर मुलाचे एक माणूस तुटलेले असते.

आदेशाच्या शब्दरचनेवर सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. ‘वाजवी भेट द्यावी’ असा आदेश दोन्ही पक्षांना पहिल्याच शनिवारी अपुरा पडतो. म्हणून अर्जाच्या विनंतीतच कोणता वार, किती ते किती वाजेपर्यंत, कोणते ठिकाण, मूल कोण आणणार व कोण नेणार, भेटीच्या वेळी कोण हजर राहणार आणि कोण राहणार नाही, हे लिहावे. भेट न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकांच्या उपस्थितीत मागितली असेल तर मुलाची शाळा आणि परीक्षा यांचा मेळ आधी घालावा. बाहेर भेट हवी असेल तर दोघांनाही मान्य असलेली त्रयस्थ व्यक्ती सुचवावी. एका बाजूची आजी किंवा मामा कितीही मायेचे असले तरी दुसरी बाजू त्यांना पहारेकरी समजते आणि मूल दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत बसते. मूल आजारी पडल्यास किती तास आधी कळवायचे आणि बुडालेली भेट कोणत्या दिवशी भरून द्यायची, हेही नमूद करावे. वाढदिवस, गणपती, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी यांची वाटणी आधीच झाली, तर ऐन सणाच्या तोंडावर धावपळीचा अर्ज करावा लागत नाही. व्हिडिओ कॉलची वेळही मागता येते. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीबरोबर अशा संपर्कालाही महत्त्व दिले आहे.

देखरेख किती काळ राहणार, हा प्रश्न बहुतेक अर्जांत राहूनच जातो. पहिले दोन महिने समुपदेशकांसमोर, नंतर काही काळ बागेत वा वाचनालयात, त्यानंतर दिवसभर आणि शेवटी मुक्कामी, असे टप्पे सुचवून फेरविचाराची तारीख मागावी. ताब्याचे आदेश परिस्थिती बदलल्यास बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 आणि 2010 या दोन्ही साली सांगितले आहे. त्यामुळे आज नाराज झालेल्या पालकाने पुढील अर्जाची तयारी, म्हणजे व्यसनमुक्तीचे उपचार, समुपदेशन आणि वेळेवर हजेरी, आजपासूनच सुरू करावी.

समुपदेशकांकडे जाण्यापूर्वी मुलाला उत्तरे पढवू नयेत. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते, पण पढवलेले वाक्य अनुभवी समुपदेशकाला लगेच ओळखू येते. अशा प्रकरणांत समुपदेशकांचा अहवाल न्यायालयापुढे वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाने स्पष्ट केले आहे. म्हणून तेथील बोलणे खासगी गप्पा समजून करू नये.

भेटीच्या दिवशी वेळेआधी पोहोचावे आणि मुलाच्या आवडीचे एखादे पुस्तक किंवा रंगपेटी न्यावी. महागड्या भेटवस्तू, छायाचित्रांचा मारा आणि ‘आई काय म्हणते?’ असले प्रश्न टाळावेत. परतल्यावर तारीख, वेळ आणि काय घडले एवढेच वहीत टिपावे. समोरचा पालक मूल घेऊन आलाच नाही, तर वाद न घालता समुपदेशकांकडे लेखी नोंद करून घ्यावी, पुढच्या तारखेला ती बाब रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, यावी अशी विनंती करावी आणि असे वारंवार झाल्यास आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज द्यावा. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगीही थांबवू नये. दोन्हींसाठी दाद मागण्याचे मार्ग वेगळे आहेत. आदेशाची प्रमाणित नक्कल मिळताच तिची एक प्रत मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावी, म्हणजे शाळा सुटताना मूल कोणाच्या हाती द्यायचे याबाबत दारावर गोंधळ होणार नाही.