ठाणे स्टेशन: पूल चढण्याआधी काय ठरवायचं

ठाणे स्टेशनात माणूस चुकतो तो बहुधा पुलावर. गाडी कुठली पकडायची हे न ठरवता जिना चढायचा, वर गर्दीने ढकलत न्यायचं आणि भलत्याच फलाटावर उतरायचं. नाव एक असलं तरी इथे मेन लाइनच्या धीम्या गाड्या, जलद गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर असा चौपदरी कारभार आहे. त्यामुळे धीमी, जलद की ट्रान्स-हार्बर, हे खालीच ठरवा.

फलाटांचे आकडे पश्चिमेकडून मोजायचे. १ नंबर पश्चिमेला, म्हणजे गोखले रोड, जांभळी नाक्याच्या बाजूला. तिथून आकडे पूर्वेला, कोपरी-चेंदणी कोळीवाड्याकडे वाढत जातात. साधारण १ ते ४ धीम्या लोकलचे, ५ आणि ६ जलद गाड्यांचे, ७ आणि ८ मुख्यतः मेल-एक्स्प्रेसचे, तर ९, १० आणि १० अ ट्रान्स-हार्बरचे. ऐन वेळी बदल होतो, म्हणून शेवटचा शब्द इंडिकेटरचा आणि उद्घोषणेचा. ट्रान्स-हार्बरवर प्रवासी लोकल धावू लागली ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी. सगळ्यांत उशिरा आलेली ही लाइन पूर्वेच्या टोकाला आहे. घोडबंदरकडून टीएमटीच्या बसने पश्चिमेला येऊन वाशी गाठणाऱ्याला त्यामुळे अख्खं स्टेशन ओलांडावं लागतं. बस सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच बसस्थानकाच्या, वरच्या डेकवर सोडते, तिथून थेट पादचारी पुलावर जाता येतं. रिक्षा मात्र डेकखाली. संध्याकाळच्या गर्दीत हे ओलांडायला हाताशी दहा मिनिटं ठेवा. शक्य असेल तर कोपरीच्या बाजूनेच स्टेशनात शिरलेलं बरं.

आता इंडिकेटर. मध्य रेल्वेवर ठिकाणं अक्षरांनी दाखवतात आणि नवखा इथेच फसतो. ‘के’ म्हणजे कल्याण, ‘ए’ अंबरनाथ, ‘बीएल’ बदलापूर, ‘टीएल’ टिटवाळा. पण ‘एस’ म्हणजे कर्जत आणि ‘एन’ म्हणजे कसारा. ‘एस’ बघून ‘स्लो आहे, चला’ म्हणणारे कमी नाहीत. कल्याणनंतर कर्जत आणि कसाऱ्याचे रस्ते फुटतात, त्यामुळे अंबरनाथला जाणाऱ्याने ‘एन’ पकडली तर कल्याणला उतरून दुसरी गाडी शोधावी लागते. धीमी की जलद हे वेगळं लिहिलेलं असतं, ते वेगळंच वाचा.

जलद गाडी ठाण्याहून मुंबईकडे घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा अशी थांबत सीएसएमटीला जाते. काही गाड्या मुलुंड, भांडुपलाही थांबतात, पण ते गृहीत धरू नका. नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहारला जायचं तर धीमीच. कल्याणच्या बाजूला डोंबिवलीला जलद थांबते, दिव्याला काही थांबतात; कळव्याला जाणाऱ्याने जलद गाडीत पाय ठेवू नये, ती त्याला थेट पुढे घेऊन जाईल. जलद लोकल आधी ज्यातून जायच्या तो पारसिकचा बोगदा आता बहुतांशी लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याकडून धावू लागल्या. खिडकीतून बोगदा दिसला नाही म्हणून चुकीच्या गाडीत बसलो असं समजून घाबरू नका.

ट्रान्स-हार्बरवर जलद प्रकारच नाही, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. दिघा गाव (जानेवारी २०२४ पासून), ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत वाट एक. तुर्भ्यानंतर फाटा: वाशी लोकल सानपाड्यावरून वाशीला, नेरुळ-पनवेलची जुईनगरवरून पुढे. वाशीला जायचं असताना पनवेल गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरून मागची वाशी लोकल घ्या. बेलापूर, खारघरला जाणाऱ्यांनी उलट चूक केली तरी उपाय तोच, तुर्भे.

तिकिटाबद्दल. रेल्वेच्या तिकीट अॅपवर कागदाविना तिकीट काढायचं तर घरून निघतानाच काढा, कारण फलाटाच्या आसपास आल्यावर अॅप ते देत नाही. तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा. ते त्याच फोनवर, अॅपमध्येच दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट चालत नाही, आणि बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. मग भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. अॅपवरचा नवा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, म्हणून जुना संपायच्या दिवशी रात्री नव्हे, आधीच काढा.

पासावरचा मार्ग नीट वाचा. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरने वेगळं आणि कुर्ल्यावरून वेगळं. एका मार्गाचा पास दुसऱ्यावर चालत नाही. तसंच मुलुंडहून उलटं ठाण्याला येऊन जागा धरणाऱ्यांचं. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळते हे खरं, पण पास मुलुंड-सीएसएमटी असेल तर मुलुंड ते ठाणे एवढा तुकडा विनातिकीटच ठरतो.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठला मार्ग बंद आहे, ते बघा. ट्रान्स-हार्बरवर तो असला तर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार ठाणे-वाशी-नेरुळ वाहतूक बंद असते; तेव्हा कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने जायचं किंवा ऐरोलीमार्गे बस. माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असेल तर धीम्या लोकल जलद मार्गावर वळवतात आणि त्या मोजक्या स्टेशनांवरच थांबतात. नाहूर किंवा विद्याविहारचं काम सोमवारवर ढकललेलं उत्तम.

कोकणात जाणाऱ्या मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी ठाण्याला थांबतात, पण अगदी काही मिनिटंच. डबा कुठे येणार ते डब्यांच्या इंडिकेटरवर आधी बघा, सामान घेऊन फलाटभर धावायला वेळ नसतो. ५-६ नंबरचा फलाट तर इतका अरुंद पडायचा की २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन तो रुंद करावा लागला. सोडायला येणाऱ्याने प्लॅटफॉर्म तिकीट घ्यावं. ते दोन तास चालतं, पण त्यावर लोकलने एक स्टेशनही जाता येत नाही.

इतिहासापुरतं एवढंच. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं निघाली, ती ठाण्यालाच येऊन थांबली. ३४ किलोमीटरना ५७ मिनिटं लागल्याचं सांगतात. पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ ला खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोचली. आजची धीमी लोकल सीएसएमटीहून ठाण्याला मधली १७ स्टेशनं घेत साधारण त्या ५७ मिनिटांएवढ्याच वेळात येते. यात कौतुक कुणाचं करायचं ते गाडी वेळेवर आहे की नाही त्यावर ठरवा. डब्यात काही राहिलं किंवा कुणी त्रास दिला तर १३९ लावा, आणि गाडी सुटल्याची वेळ, डबा पुढचा की मागचा हे आठवून सांगा.